वाफ्याशेजारचा कट्टा

वाफ्यावरून फळ्याकडे चालत येताना पाराकाकू कोणाशी बोलायची नाही. समोरून कोणी आलं, "काय काकू, झाली का सकाळ?" म्हणालं, तर खडू धरलेला हात नुसता वर करायची आणि पुढे. नव्या माणसाला वाटायचं, बाईला भारी गर्व. तसं काही नव्हतं. आकडा वहीत लिहिलेला असायचा, पण फळ्यापर्यंत पोचेतो तो तिच्या तोंडातही घोळत असायचा, आणि मध्ये कोणाला "बरं आहे" म्हटलं की तो बिघडतो अशी तिची समजूत. एकदा कोणीतरी वाटेत म्हशीचं वय सांगितलं आणि हिनं फळ्यावर तेवढेच अंश लिहिले, अशी गोष्ट गावात सांगतात. ती तिच्या दिरानं पसरवलेली आहे, तेव्हा कितपत खरी मानायची ते तुम्ही ठरवा.

आकडा कसला, तर जमिनीच्या उबेचा. गावाच्या टोकाला शेतकी केंद्र आहे, त्याच्या मागच्या अंगाला तारेच्या कुंपणात एक वाफा. सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. त्यात काही पेरायचं नाही, गवताची काडी उगवू द्यायची नाही, पाणी घालायचं नाही. इतकी चांगली जमीन कोणी अशी उघडी ठेवली तर गाव त्याला वेड्यात काढेल. या वाफ्यात तीन थर्मामीटर रोवलेले, बगळे मान वाकवून उभे राहावेत तसे. एकाचं पाऱ्याचं टोक पाच सेंटिमीटर खोल, एकाचं दहा, एकाचं वीस. सकाळी सातला आणि दुपारी दोनला तिन्ही वाचायचे. त्यातला मधला, दहावाला, सकाळचा, तो खरा कामाचा. थंडी सरत आली आणि तो आकडा सलग चार सकाळी अठरावर किंवा त्याच्या वर टिकला, की भुईमूग पेरायचा. जमीन त्याहून गार असेल तर बी आत नुसतं पडून राहतं, ओल पीत राहतं, आणि उगवायच्या ऐवजी कुजतं.

केंद्रानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा गाव हसलं होतं. "जमिनीला ताप आल्यावर पेरायचं म्हणे." तोवर पेरणीची रीत सोपी होती. शेजाऱ्यानं पेरलं की आपण पेरायचं. शेजारी कोणाकडे बघून पेरायचा हे कोणी विचारत नव्हतं. पण फळ्याकडे बघून पेरणाऱ्या दोघातिघांचे वाफे चार वर्षं ओळीनं भरगच्च उगवले, आणि हसणारे लोक फळ्यासमोर सायकल थांबवायला लागले. फळा बसथांब्याला लागून होता. त्यावर फक्त एक आकडा आणि तारीख. तेवढ्यासाठी लोक पेपर वाचल्यासारखे उभे राहायचे.

काकूला हे काम मिळालं तेही गमतीनं. ती केंद्राच्या शेतात खुरपायला जायची. आधीचा मोजणीवाला आठवड्याचे आकडे शनिवारी घरी बसून एकदम लिहायचा. थर्मामीटर फुटून नवा यायचा होता त्या आठवड्याचेही त्यानं लिहिले, तेव्हा सापडला. केंद्राच्या म्हाताऱ्या साहेबांनी खुरपणाऱ्या बायकांना ओळीनं उभं केलं, हातात एक थर्मामीटर धरला आणि विचारलं, किती आहे. सगळ्या म्हणाल्या, वीस. ही पुढे आली, चष्मा नव्हता तेव्हा, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "वीसला पोचला नाही अजून. एकोणीस आणि वर सात बारक्या रेघा." साहेबांनी तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. सातवीपर्यंत शिकलेली होती. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

काम दिसायला सोपं. वाचायला गेलं की कळतं. नजर पाऱ्याच्या बरोबर समोर हवी. जरा वरून बघितलं तर आकडा बदलतो, जरा खालून बघितलं तर उलटा बदलतो. आपली सावली वाफ्यावर पडता कामा नये. आधी बारीक रेघ वाचायची, मग मोठा आकडा, कारण आपला श्वास लागला तरी बारीक रेघ हलते. हे सगळं करायला बाईनं उकिडवं बसायला हवं, वर पुढे वाकायला हवं. काकू सकाळ-दुपार सहा वेळा बसायची आणि उठायची. एकोणीस वर्षांचा हिशोब तुम्हीच मांडा.

या कामाचं खूळ घरातही शिरलं होतं. दूध किती तापलं विचारलं तर "झालं" म्हणणार नाही, "अजून जरासं" म्हणेल, आणि ते जरासं म्हणजे किती ते तिला नक्की ठाऊक असायचं. नवरा म्हणायचा, "हिच्याशी भांडायचं तर दशांशासकट भांडावं लागतं. नाहीतर हरलो."

नवरा गवंडी. सगळे त्याला गवंडीच म्हणायचे, काकूसुद्धा त्याच्या पाठीमागे तसंच म्हणायची. गावातली निम्मी घरं त्यानं उभी केलेली. स्वतःच्या स्वयंपाकघरातला ओटा मात्र अजून गिलाव्याविना. लोकांचं संपलं की आपलं करू, म्हणत म्हणत राहिलं. पाच वर्षांपूर्वी तो परांचीवरून पडला. हाडं जुळली, पण उजवा हात थरथरायला लागला. थापी धरली की भिंतीवर माल पडायच्या ऐवजी पायावर पडायचा. त्यानं थापी, ओळंबा, करणी सगळं एका पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तसा तो कशाबद्दलच फारसं बोलायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी काकूचे गुडघे गेले. वाफ्याजवळ बसलेली उठताना ती कुंपणाची तार धरायची, आणि एक दिवस तळहातात काटा घुसवून घरी आली. गवंड्यानं काटा काढला, हळद लावली. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं पोतं खाली आलं.

आधी तो चार दिवस नुसता वाफ्याजवळ जाऊन बसला. हातात काठी. काठी एका जागी रोवायची, सावली कुठे पडते बघायची, तास गेला की परत बघायची. बायकोनं इतकी वर्षं सावलीवरून घर डोक्यावर घेतलेलं त्याला माहीत होतं. एकदा एक पाहुणा वाफ्याशेजारी छत्री उघडून उभा राहिला, त्याची गोष्ट अजून घरात निघते. म्हणून गवंड्यानं अशी बाजू शोधली की तिथं काही बांधलं तरी सावली वाफ्यावर कधीच येणार नाही. मग तिचा कपडे धुताना बसायचा पाट मोजला, तिच्या पोटरीची उंची डोळ्यानंच घेतली, आणि थर्मामीटरपासून वीतभर अंतरावर सिमेंटचा कट्टा बांधला. बसायला किंचित पुढे उतार, म्हणजे वाकायला सोपं. उजवीकडे हाताला धरायला कठडा. दगड मावेल तेवढा पोटात भरला, वरून गुळगुळीत घोटला. पूर्वीचा गवंडी असता तर दुपारपर्यंत संपवून चहाला घरी गेला असता. या हातानं अकरा दिवस लागले. माल सांडायचा, तो परत भरायचा.

झाल्यावर म्हणाला, "बसून बघ."

काकू बसली. वाकली. पारा थेट डोळ्यासमोर आला. तिनं तिन्ही आकडे वाचले, कठडा धरला आणि सरळ उठली.

"बरा झालाय," ती म्हणाली.

गवंडी इतका खूश झाला की परत येताना पोतं थरथरत्या हातातच घेऊन चालला.

म्हातारे साहेब तेव्हा निवृत्त झालेले. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम तरुण, हुशार, चार गावांची केंद्रं सांभाळणाऱ्या. त्यांनी कट्टा बघितला तेव्हा त्यांना वाटलं, हा केंद्राचाच असणार, पहिल्यापासून.

पुढच्या पेरणीला फळ्यावर अठरा नेहमीपेक्षा आठ-नऊ दिवस आधी आले. लोक म्हणाले, थंडी लवकर आटपली. पेरलं. उगवण ठिगळाठिगळांची झाली. बियाण्याला दोष दिला, दुकानदाराला चार शिव्या दिल्या, आणि गाडी पुढे गेली. या वर्षी परत तेच. फळ्यानं लवकर होकार दिला, गावानं पेरलं. बारा दिवस झाले तरी शेत काळंच्या काळं.

तेराव्या दिवशी काकूचा दीर अंगणात आला. हा गवंड्याचा धाकटा भाऊ, शेती करणारा, तोंडानं फटकळ, आणि वहिनीच्या पहिल्या आकड्यापासून फळ्यावर विश्वास ठेवणारा गावातला पहिला माणूस. त्यानं ओंजळीतलं बी काकूच्या पुढे अंगणातल्या ओट्यावर ओतलं. दाणे फुगलेले, सालीला बुरशी, दाबलं की बोटाला चिकट लागणारे.

"वहिनी, तुमचा पारा खोटं बोलतोय."

"पारा खोटं बोलत नसतो, भावजी."

"मग तुम्ही बोलताय."

गवंडी आतून म्हणाला, "जीभ आवर."

"दादा, मी भांडायला आलेलो नाही. तीन एकर परत नांगरायला लागणार आहे मला. पहिल्या वर्षी या फळ्यावर गाव हसत होतं तेव्हा तो बघून बघून पेरणारा पहिला मीच होतो. आता गाव मला विचारतंय, काय रे, तुझी वहिनी म्हातारी झाली का? काय सांगू?"

काकूनं एक दाणा उचलला, फोडला, वास घेतला. "गारठ्यानं कुजलंय," ती म्हणाली.

"तेच म्हणतोय ना मी."

त्याचं खरं होतं, आणि तेच तिला डाचायला लागलं. शेतात बी गारठून कुजलं आणि फळ्यावर अठरा पूर्णांक तीन. दोन्ही एकाच गावच्या जमिनीचं. एकोणीस वर्षांत कोणी तिच्या आकड्याला खोटं म्हटलं नव्हतं. तिच्याकडे दुसरं काही होतंच काय? शेत नाही, दागिना नाही. दशांशापर्यंत खरं बोलणारी बाई, एवढीच गावात तिची पत.

तिनं स्वतःच मॅडमना फोन केला. मॅडम आल्या, थर्मामीटर उपसले, थर्मासात बर्फाचा चुरा आणि पाणी भरून त्यात बुडवले. तिन्ही शून्यावर जाऊन गपचूप बसले. थर्मामीटर चोख होते.

मॅडम बर्फ ओतून देत हळूच म्हणाल्या, "काकू, डोळे कधी दाखवले होते?"

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको तालुक्याला गेले. डोळ्यांच्या डॉक्टरनं भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायला सांगितली. काकूनं ती वाचली, शिवाय खाली बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता होता तोही वाचला. डॉक्टर म्हणाला, "तुम्ही कशाला आलात?" बसमध्ये परत येताना गवंडी एकदाच बोलला. "डोळे चांगले आहेत, ही चांगली गोष्ट आहे."

"कसली चांगली," काकू म्हणाली. "डोळे बिघडलेले असते तर कळलं असतं काय चुकलं ते."

मॅडमनी एक जादा थर्मामीटर दिला होता. काकूनं तो वाफ्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरवर रोवला. मध्ये गारठा जरा परतला होता. सकाळी नेहमीच्या जागेचा सतरा पूर्णांक नऊ. कोपऱ्यातला सोळा पूर्णांक दोन. एकाच वाफ्यात, चार पावलांवर. तिनं दुपारी दोघांची जागा बदलली, याचा तिकडे, तिकडचा इकडे. दुसऱ्या सकाळी परत तेच. जो थर्मामीटर कट्ट्याशेजारी, तो जास्त. म्हणजे थर्मामीटरचा दोष नाही, डोळ्याचा नाही. जागेचा.

कोपऱ्यातला आकडा वाचायला तिला गार जमिनीवर गुडघे टेकावे लागले होते. कळ आली. ती तशीच लंगडत कट्ट्यापर्यंत आली आणि लिहायला बसली. बसली आणि तिला बरं वाटलं, रोज वाटायचं तसं. कट्टा उबदार होता. बाहेर तोंडातून वाफ निघत होती, आणि कट्टा अंथरुणासारखा उबदार.

पेन्सिल हातातच राहिली.

दिवसभर कट्ट्यानं ऊन खायचं आणि सकाळपर्यंत शेजारच्या मातीला पाजत राहायचं. दगडाचं पोट, सिमेंटची कातडी, वीतभर अंतर. नंतर ती सांगायची, "दोन हिवाळे माझ्या बुडाला कळत होतं. डोक्याला कळलं नाही." आता हसून सांगते. त्या सकाळी हसली नव्हती.

त्या दिवशी तिनं फळा कोरा ठेवला. आणि घरी जाऊन काही सांगितलं नाही.

सांगायचं काय? दिराला सांगितलं की मूळ कारण भावानं बांधलेला कट्टा आहे, तर गावभर होणार. गवंड्याच्या हातचं एकही काम कधी ढासळलं नव्हतं. परांचीवरून पडल्यावर त्यानं एकच गोष्ट बांधली, ती तिच्यासाठी, आणि बहुतेक ती शेवटची. पुढच्या दोन सकाळी ती कट्ट्यावर बसलीच नाही. कोपऱ्यात गुडघ्यावर बसून वाचायची, उठताना परत तार धरायची. तिकडे दीर आणि बाकीचे नांगरट उरकून दुसऱ्या पेरणीला तयार होत होते आणि कोऱ्या फळ्यापुढे उभे राहून एकमेकांकडे बघत होते. गप्प राहिलं तर ते परत अंदाजानं पेरणार, परत कुजणार. हे तिला कळत होतं. तरी दोन दिवस तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दुपारी गवंडी तिच्यापुढे चहाचा कप ठेवून म्हणाला, "कट्टा टोचतो का?"

"नाही."

"मग लुगड्याला गुडघ्याशी माती कशी? तीन दिवस बघतोय."

काकू कपाकडे बघत राहिली. "गरम लागतो," ती म्हणाली.

"गरम म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. आकड्यांसकट सांगितलं, कारण तिला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगताच येत नाही. इकडचा इतका, तिकडचा इतका, अदलाबदल केल्यावर इतका. गवंडी ऐकत होता.

"सावली बघितली होती मी," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"चार दिवस काठी रोवून बघितली."

"माहीत आहे हो."

"ऊब नाही बघितली." तो म्हणाला. "चाळीस वर्षं छतं टाकली. दिवस मावळल्यावर छतावर पाठ टेकली की सिमेंट ऊन सोडतं, हे पोरालासुद्धा ठाऊक असतं. मला सुचू नये?"

"मी रोज त्यावर बसत होते. मला तरी कुठे सुचलं."

"किती लांब बांधला असता तर चाललं असतं?"

"लांब असता तर मला दिसलं नसतं."

"म्हणजे तो तिथं नकोच."

"नकोच."

गवंड्यानं कप उचलला, चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला. "उद्या फोडतो," तो म्हणाला.

"तुमच्या हातानं होईल? पक्कं बांधलंय तुम्ही."

"फोडायला राग असला की हात लागत नाही."

"राग आलाय?"

"नाही. म्हणून वेळ लागेल."

सकाळी आकडे घेऊन झाल्यावर त्यानं छिन्नी लावली. तीन घाव घालायचे, थांबायचं. कठडा आधी गेला. घणाचा आवाज ऐकून शेतावर निघालेला दीर कुंपणाशी थांबला. काकू त्याच्याकडे गेली आणि गवंड्याच्या देखत, मोठ्यानं, सगळं सांगितलं.

दिरानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे माझं तीन एकराचं बी वहिनीला नीट बसता यावं म्हणून कुजलं."

"हो," काकू म्हणाली.

त्यानं भांडणाची तयारी केली होती. "हो" म्हटल्यावर पुढे काय म्हणायचं त्याला सुचेना. मग आत आला.

"दादा, दे इकडे."

"माझं काम आहे."

"एक घाव घालायला तुला पाच मिनिटं लागतात. दुपारपर्यंत मी म्हातारा होईन."

"मग हो म्हातारा."

दिरानं घण मागायचं सोडलं आणि फुटलेले तुकडे घमेल्यात भरून कुंपणाबाहेर टाकायला लागला. दुपारपर्यंत दोघं भाऊ एकमेकांशी अक्षर बोलले नाहीत, पण घमेलं एकदाही रिकामं थांबलं नाही.

दुपारी मॅडम आल्या. केंद्राच्या खोलीत वही उघडून बसल्या. सतरा महिन्यांचे सकाळचे आकडे आता भरवशाचे नव्हते. मॅडम दयाळू बाई. म्हणाल्या, "काकू, उगाच तुमचं नाव कशाला? थर्मामीटर सदोष होता असं लिहू. वर कोण तपासतंय."

"त्या बिचाऱ्याला बर्फात बुडवून तुम्हीच निर्दोष सोडलाय," काकू म्हणाली. "द्या ती वही."

वहीत खाडाखोड करायची नाही, आकडा पुसायचा नाही, चुकला तर त्यावरून एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी. हा नियम म्हाताऱ्या साहेबांनी तिला पहिल्या दिवशी शिकवला होता. एकोणीस वर्षांत तिनं तशा रेघा मारल्या असतील आठ-दहा. त्या दुपारी पट्टी घेऊन बसली आणि, एका सकाळच्या तिन्ही आकड्यांना मिळून एक, अशा पाचशेच्या वर मारल्या. प्रत्येक रेघेला तारीख बघायची, मग पट्टी ठेवायची. तीच मारणार, दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. संपल्यावर शेवटी कारण लिहिलं. "वाफ्याला लागून सिमेंटचा कट्टा होता. मोजणाऱ्या बाईच्या गुडघ्यांसाठी. त्याच्या उबेनं आकडा चढला."

गवंडी मागे उभा राहून वाचत होता. "गवंड्यानं बांधला, असं लिही."

"ते कशाला?"

"पोकळ बांधकाम असतं तर एवढं ऊन धरलंच नसतं. चोख होतं म्हणून धरलं. लिही."

मॅडम हसू दाबायला खिडकीकडे वळल्या. काकूनं मात्र न हसता लिहिलं, "गवंड्याचं बांधकाम चोख होतं." आणि खाली सही केली.

थर्मामीटर आता वाफ्याच्या मधोमध गेले. काकू सकाळी जाताना गवंडी बरोबर निघायला लागला. ती गुडघ्यावर बसायची, वाचायची, आणि उठताना तारेऐवजी त्याच्या डाव्या खांद्याला धरायची. पहिल्या दिवशी तो नेमका उजेडाच्या बाजूला उभा राहिला.

"सावली," काकू जमिनीवरूनच म्हणाली.

तो दुसऱ्या बाजूला गेला.

"आता श्वास."

"श्वास पण घ्यायचा नाही?"

"तिकडे तोंड करून घ्या."

फळ्यावर पुन्हा आकडा आला. सतरा पूर्णांक एक. लोक गोळा झाले. हंगाम आधीच मागे पडलेला, एकदा पेरून वाया गेलेलं, नांगरलेली शेतं वाळत चाललेली. सरत आलेली थंडी आणखी दोन दिवस रेंगाळली. सतरा पूर्णांक तीन. सतरा पूर्णांक सहा. मग एका सकाळी लोकांना धीर धरवेना. थांब्याजवळ पंधरा-वीस जण उभे, दिराची बियाण्यानं भरलेली हातगाडी सगळ्यांच्या पुढे. काकू आली, कोणाशी बोलली नाही, फळ्यावर लिहिलं. सतरा पूर्णांक नऊ.

"झालं की मग," कोणीतरी म्हणालं. "अठराच आहेत ते."

"अठरा नाहीत," काकू म्हणाली.

"एका दशांशानं काय होतंय?"

"मला माहीत नाही काय होतंय. अठरा नाहीत एवढं माहीत आहे. आणि झाले तरी चार दिवस टिकायला हवेत."

"गेल्या खेपेला अठरा होते तेव्हा काय दिवे लावले?"

काकूनं खडू फळ्याखालच्या कोनाड्यात ठेवला आणि हात झटकले. सगळ्यांनी दिराकडे बघितलं. तीन एकर त्याचे गेले होते. वहिनीला खोटं ठरवायचा हक्क गावात कोणाला असेल तर त्याला होता, आणि भरलेली गाडीही त्याचीच.

दीर फळ्याजवळ गेला, आकडा वाचला, मग काकूकडे वळला.

"गुडघ्यावर बसून वाचलात?"

"हो."

"दादा कुठे उभा होता?"

"सावली पडणार नाही तिथं."

दिरानं हातगाडीचा दांडा उचलला आणि गाडी जागच्या जागी वळवली. मागच्या माणसांना बाजूला व्हावं लागलं. "चला," तो म्हणाला, "ज्याला बी कुजवायचंय त्यानं पेरावं. माझं कुजवून झालंय." आणि आला तसा घराकडे निघाला. थोडा वेळ बाकीचे तिथंच घुटमळले, एकमेकांची तोंडं बघितली, कोणी विडी पेटवली, कोणी फळ्याला पाठ केली. त्या दिवशी गावात कोणी पेरलं नाही.